गाळ्यातली एक्सपी

ऑक्टोबर २०२५मध्ये विंडोज १०चा सपोर्ट संपला, तेव्हा आमच्या ऑफिसातल्या कम्प्युटरचं काय करायचं यावर दोन दिवस चर्चा झाली. त्याच्याहून कितीतरी जुना कम्प्युटर मागे शॉपमध्ये, व्हीएमसीच्या शेजारी उभा आहे. त्याचा विषय कुणी काढला नाही. त्याच्यावर विंडोज एक्सपी आहे. सातपूर एमआयडीसीत मामांचा गाळा आहे; मी तिथे हिशेब बघतो आणि ‘याला कम्प्युटरचं कळतं’ म्हणून बाकीचंही.

एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ला बाजारात आली. तोवर मायक्रोसॉफ्टच्या घरात दोन चुली होत्या. घरगुती ग्राहकांसाठी ९५, ९८ आणि एमई, ज्यांच्या पोटात डॉस होता आणि ज्या कधीही मान टाकायच्या. कंपन्यांसाठी १९९३पासून एनटी, मजबूत पण महाग. एक्सपीने घरच्या कम्प्युटरलाही एनटीचा पाया दिला. बाकी निळा टास्कबार आणि हिरवी टेकडी हा वरचा रंग. त्या टेकडीची एक गंमत मात्र नाशिककरांना सांगायलाच हवी. चार्ल्स ओ’रिअरने १९९६मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमात तो फोटो काढला, तेव्हा तिथल्या द्राक्षवेली किडीमुळे उपटून टाकलेल्या होत्या. म्हणून नुसतं गवत. जगाने ज्याच्याकडे निसर्ग म्हणून पाहिलं ती खरं तर मोडलेली बाग होती.

एक्सपीसोबत ‘ॲक्टिव्हेशन’ आलं, म्हणजे विकत घेतल्याचा पुरावा कम्प्युटरनेच मागायचा. पण मोठ्या कंपन्यांच्या प्रतींना ते लागत नसे, आणि तसली एक की एक्सपी बाजारात येण्याआधीच फुटली होती. एफसीकेजीडब्ल्यूने सुरू होणारी ती पंचवीस अक्षरं अनेकांना तोंडपाठ होती. आमच्याकडेही ‘विंडोज मारायला’ आलेल्या मुलाने खिशातून मार्करने लिहिलेली सीडीच काढली होती. मराठी टाईप करायचं तर तीच सीडी पुन्हा शोधावी लागे, कारण देवनागरीच्या फायली आपोआप बसत नसत; कंट्रोल पॅनेलमध्ये एक खूण करावी लागे.

व्हिस्टा सर्वसामान्यांच्या हाती आली जानेवारी २००७मध्ये. पाच वर्षांहून मोठी ही फट एक्सपीच्या दीर्घायुष्याचं मुख्य कारण. तेवढ्या काळात लोकांची बोटं तिला सरावली आणि ड्रायव्हर तिच्यासाठी लिहिले गेले. व्हिस्टाला मेमरी जास्त लागे. शिवाय तिच्यातून एक छोटी गोष्ट काढून टाकली होती: हायपरटर्मिनल.

घरी वापरणाऱ्याला हा प्रोग्राम आठवणारही नाही. शॉपमध्ये मात्र कम्प्युटर घेतलाच त्यासाठी. कम्प्युटरच्या सीरिअल पोर्टमधून केबल मशीनच्या कंट्रोलरला जाते. दोन्हीकडे वेग आणि पॅरिटी जुळवायची, मशीन ‘रीड’वर ठेवायचं आणि हायपरटर्मिनलमधून फाईल सोडायची. टक्क्याच्या चिन्हाने सुरू होऊन टक्क्याच्याच चिन्हाने संपणारा तो प्रोग्राम ओळीओळीने स्क्रीनवर उतरताना दिसतो. हेच काम करणारे दुसरे प्रोग्राम मिळतात, हे मी मामांना कितीदा सांगितलं. त्यांचं म्हणणं एकच: “चालू मशीनला हात लावायचा नाही.”

८ एप्रिल २०१४ला एक्सपीचा सपोर्ट संपला. साडेबारा वर्षांना थोडं कमी. त्या दिवशी गाळ्यात काहीही घडलं नाही. अर्थात आम्हीच तेवढे मागासलेले नव्हतो. बँकांची एटीएमही एक्सपीवर होती. रिझर्व्ह बँकेला जून २०१८मध्ये परिपत्रक काढून, वर्षभरात ती टप्प्याटप्प्याने बदला, असं बँकांना सांगावं लागलं. त्याआधी मे २०१७मध्ये वॉनाक्रायने जगभर फायली कुलूपबंद केल्या, तेव्हा मायक्रोसॉफ्टने मेलेल्या एक्सपीसाठीही पॅच काढला. लागण झालेली बहुतेक यंत्रं मात्र विंडोज ७ची निघाली. मामांना हे सांगण्याची चूक मी केली. तरी त्याच आठवड्यात शॉपमधल्या कम्प्युटरची नेटवर्क केबल मी काढून टाकली, ती अजून काढलेलीच आहे.

आमच्यावरचं संकट व्हायरसचं नव्हतंच. एका दिवाळीत गाळा आठवडाभर बंद होता. उघडल्यावर व्हीएमसी चालू केलं तर प्रोग्राम नाहीत, पॅरामीटर नाहीत, स्क्रीनभर अलार्म. मेमरी जपणारी बॅटरी बसली होती. ती बदलायची आठवण कंट्रोलर बरेच दिवस देत होता, आणि आम्ही ती वाचून पुढे जात होतो. पॅरामीटरची एकमेव प्रत एक्सपीवर, आणि नेमका तोही सुरू होईना. सेटर खुर्चीत बसून राहिला. त्या आठवड्यात जॉब गेला नसता तर गिऱ्हाईक गेलं असतं. दोन मशीनच्या गाळ्यात असं एकच गिऱ्हाईक असतं.

कम्प्युटरचा पॉवर सप्लाय गेला होता, हे कळायला संध्याकाळ झाली. मी हार्ड डिस्क काढली, अडॅप्टर लावून ऑफिसच्या कम्प्युटरला जोडली. ती आधी दोनदा दिसलीच नाही. तिसऱ्यांदा दिसली. सी ड्राइव्हवर ‘न्यू फोल्डर २’मध्ये सगळं होतं.

आता त्या फोल्डरच्या तीन प्रती आहेत, एक माझ्या घरी. एक्सपीला दुसरा पॉवर सप्लाय बसवला. मामांनी तिला बदलू दिलं नाही, पण मशीनच्या कॅबिनेटच्या दारावर बॅटरी बदलल्याची तारीख ऑइलपेंटने लिहून ठेवली. दरवर्षी तिच्याखाली एक नवी तारीख येते.