बाटली क्रमांक ५३-एन

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकवाल गावात १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांची लस ५३-एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतली होती. ते सगळे धनुर्वाताने दगावले. बाकीच्यांना काही झाले नाही.

लस मुंबईची. वाल्देमार हाफकिन यांनी ती ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली होती. मांसरसाच्या चंबूत तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे, त्यांना लोंबून जंतू वाढू द्यायचे, मग ते उष्णतेने मारून अर्धा टक्का कार्बोलिक ॲसिड घालायचे, अशी ही पद्धत. तिला काही आठवडे लागत. पंजाब सरकारने मोठी मोहीम आखली तेव्हा एवढी सवड नव्हती. हाफकिन यांच्या परळच्या प्रयोगशाळेत आगरवर जंतू वाढवण्याची झटपट रीत सुरू झाली आणि कार्बोलिक वगळले गेले.

सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या चौकशी आयोगाने नेमके यावरच बोट ठेवले: बाटली गावात उघडण्याआधीच दूषित होती. हाफकिन यांचे संचालकपद गेले.

चौकशीची कागदपत्रे डिसेंबर १९०६ मध्ये राजपत्रात छापली गेली, आणि आयोगाचा निष्कर्ष त्याच्याच पुराव्याशी ताडून पाहता आला. बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, अशी साक्ष त्यात होती. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरला वास आला नव्हता. धनुर्वाताचे जंतू बंद बाटलीत कित्येक आठवडे वाढत असते, तर दुर्गंधी सुटली असती. शिवाय लक्षणे दिसायला आठवडाभर लागला, म्हणजे शरीरात गेलेले जंतू थोडे आणि ताजे असावेत. राहिला कार्बोलिकचा मुद्दा. तेवढ्या प्रमाणात ते धनुर्वाताच्या बीजाणूंना मारतच नाही. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली. त्याच वर्षी सरकारने त्यांना पुन्हा नोकरीवर घेतले, पण मुंबईला नव्हे, कलकत्त्याला.

मागणीपायी पद्धत बदलली हे खरे. पण उपलब्ध पुरावा दोष मलकवालकडेच दाखवतो. प्रयोगशाळेत कमावलेली खबरदारी शेवटच्या हातापर्यंत पोहोचली नव्हती, आणि त्याची किंमत १९ गावकऱ्यांनी मोजली. परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव मिळायला १९२५ साल उजाडले.