माजी सैनिकांची गृहकर्ज-पात्रता (वाराणसी)
केवळ सैन्यसेवेच्या बळावर गृहकर्ज मिळत नाही. बँक निवृत्तिवेतन आणि परतफेडीचे वय पाहते. शिपाई चाळिशीच्या आसपास निवृत्त होतो. हप्त्यांना वर्षे भरपूर मिळतात, पण निवृत्तिवेतन बेताचे असल्याने कर्जाची रक्कम घटते. कमावता मुलगा किंवा मुलगी सहकर्जदार झाल्यास ही रक्कम वाढते. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या कमाल ९० टक्के रक्कम मिळू शकते. युद्धात अपंगत्व आलेले जवान आणि वीरपत्नी यांच्या व्याजाचा निम्मा भार केंद्रीय सैनिक बोर्ड ठरावीक मर्यादेपर्यंत उचलते.

वाराणसीत नागरिकत्वाचाही प्रश्न येतो, कारण तिथल्या छावणीत ‘३९ गोरखा प्रशिक्षण केंद्र’ आहे. तिसऱ्या व नवव्या गोरखा रायफल्सचे जवान येथे घडतात. त्यांच्या माजी सैनिकांत अनेक नेपाळचे नागरिक आहेत. २०१९ च्या परकीय चलन नियमांनुसार नेपाळी नागरिकाला भारतात स्थावर मालमत्ता घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागते. म्हणजे भारतीय सैन्यात हयात घालवलेल्याला कर्जाआधीच अडथळा. माजी सैनिकांना यातून सूट मिळायलाच हवी. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला मात्र अशी परवानगी लागत नाही, आणि दार्जिलिंग किंवा देहरादूनच्या भारतीय गोरख्यांना हा नियम लागूच होत नाही.