एक, ओंदु, उनो

परक्या भाषेच्या उंबरठ्यावर आलेल्या माणसाच्या हाती व्याकरणाचे पुस्तक क्वचितच असते. किती, केवढ्याला आणि केव्हा, एवढे तीन प्रश्न त्याला प्रथम विचारावे लागतात आणि त्या तिन्हींची उत्तरे आकड्यांत मिळतात. म्हणून प्रवासी असो, शिपाई असो वा व्यापारी असो, त्याच्या भाषाशिक्षणाचा पहिला पाठ एकच : एकपासून दहापर्यंत मोजणे. स्पॅनिश भाषेचा नवा विद्यार्थीही 'उनो, दोस, त्रेस' या मोजणीपासूनच आरंभ करतो. बेळगावच्या कॅम्पमध्ये हा पाठ जवळजवळ दोन शतके चालू आहे. तेथे त्याला ना वर्ग लागला, ना शिक्षक.

१८१८ साली पेशवाईचा अंत झाला आणि त्याच वर्षी बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढे किल्ल्यापासून थोड्या अंतरावर लष्कराची छावणी वसली, आणि 'कॅम्प' हेच त्या वस्तीचे नाव लोकांच्या तोंडी रुळले. पलटणींच्या मागोमाग दुकानदार, शिंपी, खानसामे, धोबी आणि शिक्षक आले. भोवतालच्या खेड्यांतून मराठी व कानडी लोक आले, उर्दू बोलणारे आले, दक्षिणेकडून तमिळ भाषक आले आणि घाट चढून गोमंतकातील ख्रिस्ती कुटुंबे आली. १८५६ साली सेंट पॉल्स ही इंग्रजी शाळा निघाली. १९२२ पासून मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिक्षणकेंद्र बेळगावात आहे. घरी एक भाषा, शाळेत दुसरी, कवायतीच्या मैदानावर तिसरी आणि बाजारात चौथी, असा हा संसार. अशा ठिकाणी प्रत्येकाने प्रत्येकाची भाषा शिकणे शक्य नव्हते. पण प्रत्येकाचे आकडे समजल्यावाचून एक दिवसही निभणे कठीण होते.

भाजी विकणारी कानडी बाई 'हत्तु' म्हणाली की दहा समजावे आणि 'इप्पत्तु' म्हणाली की वीस, हे मराठी गिऱ्हाइकाला कोणी शिकवावे लागत नाही. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु, एळु, एंटु, ओंबत्तु, हत्तु ही दहा नावे त्याच्या कानावर लहानपणीच पडलेली असतात. ज्याला कानडीत एक संपूर्ण वाक्य जुळविता येत नाही, तोही शंभरापर्यंतचा भाव बिनचूक ठरवितो. जेथे तेवढेही साधत नाही तेथे बोटे कामास येतात. दख्खनच्या गुरांच्या बाजारात रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून किंमत ठरविण्याची रीत जुनी आहे. त्या सौद्यात कोणतीच भाषा नसते. संख्या तेवढी असते.

शेजाऱ्याचे आकडे किती नकळत घरात शिरतात, याचा एक पुरावा मराठी मुलांच्या खेळात आहे. विटीदांडूच्या डावात मोजताना 'वकट, लेंड, मूंड, नाल' असे शब्द पिढ्यान् पिढ्या म्हटले गेले. खेळणाऱ्यांना ते निरर्थक वाटत. परंतु तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु हे एक ते चारपर्यंतचे आकडे त्यांच्या शेजारी मांडले म्हणजे नाते लपत नाही. ज्या मुलांनी तेलुगूचे एक अक्षरही पाहिले नव्हते, ती मुले चारपर्यंत द्राविडी आकडे मोजीत होती. भाषांच्या सीमा नकाशावर आखल्या जातात, पण अंगणातल्या खेळाला त्या ठाऊक नसतात.

आकड्यांच्या नावांत एक नियम सहसा दिसून येतो. लहान संख्या घरच्या असतात आणि मोठ्या संख्या पुष्कळदा बाजारातून येतात. कानडीचे ओंदु, एरडु हे अस्सल द्राविडी आहेत. पण हजाराला कानडीत 'साविर' म्हणतात आणि तो शब्द संस्कृत सहस्रापासून आलेला आहे. उलट मराठी ही संस्कृतच्या कुळातली, परंतु तिने सहस्र पोथीत ठेवले आणि व्यवहारासाठी फारसीतील 'हजार' घेतला. म्हणजे संस्कृतचा शब्द कानडीने सांभाळला आणि मराठीने पाहुण्याला घरात घेतले. भाषेच्या शुद्धतेचा अभिमान बाळगणाऱ्या दोन्ही पक्षांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

नावांपेक्षाही मोठा भेद आहे तो क्रमाचा. मराठीत २१ लिहिताना दोन आधी व एक नंतर येतो. म्हणताना मात्र 'एकवीस', म्हणजे एक आधी आणि वीस मागून. कानडीत 'इप्पत्तोंदु', म्हणजे वीस आणि मग एक. लिहिणे आणि बोलणे यांचा क्रम तेथे एकच राहतो. शिवाय मराठीत शंभरापर्यंतची बहुतेक नावे सुटी सुटी पाठ करावी लागतात; त्रेपन्न ऐकून पन्नास आणि तीन ओळखण्यास सवय हवी. पूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अंक गिरवून, उजळणी, पाढे, पावकी, निमकी, दिडकी असे सारे घोकून घेत. त्या घोकंपट्टीत जाच होता, तसे सामर्थ्यही होते. त्या शाळेतून बाहेर पडलेला मुलगा दुकानाच्या गादीवर बसून तोंडी हिशेब करी.

२०१९ साली महाराष्ट्रात याच क्रमावरून मोठा वाद झाला. इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' यासोबत 'वीस एक' असे वाचनही देण्यात आले. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागचा हेतू मांडला तो मुलांचा गोंधळ कमी करण्याचा होता. मराठी संख्यानामांचा वारसा नष्ट होईल, असे टीकाकारांचे म्हणणे पडले. वृत्तपत्रांपासून विधिमंडळापर्यंत चर्चा झाली. मुंबई-पुण्याकडे हा क्रम नवा वाटला असेल. बेळगाव-निपाणीकडील मुलाला तो नवा नव्हता. एका कानाने 'एकवीस' आणि दुसऱ्या कानाने 'इप्पत्तोंदु' ऐकतच ते मूल वाढते, आणि त्यामुळे त्याची कोणतीच मोजणी बिघडत नाही.

आता स्पॅनिशकडे वळावे. बेळगावपासून ती भाषा दूर खरी, पण तिची सख्खी बहीण शेजारीच नांदत होती. गोमंतकात १५१० पासून १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. तेथील शाळेत 'उं, दोइश, त्रेश' असे आकडे म्हणत. घरी मात्र कोकणीतून एक, दोन, तीन चालत. पगार आणि लिलाव हे मराठीतील दोन शब्द पोर्तुगीजांकडूनच आले. देण्याघेण्याचे शब्द आले, तरी पोर्तुगीज आकडे मराठीत आले नाहीत. घरची लहान मोजणी किती चिवट असते, हे त्यावरून कळते.

स्पॅनिशचे पहिले दहा आकडे असे : उनो, दोस, त्रेस, क्वात्रो, सिंको, सेइस, सिएते, ओचो, नुएबे, दिएस. मराठी कानाला यांतील पुष्कळ ओळखीचे वाटतील. दोस आणि दोन, त्रेस आणि तीन, सिएते आणि सात, ओचो आणि आठ, नुएबे आणि नऊ, दिएस आणि दहा ही साम्ये योगायोगाची नाहीत. संस्कृतचे सप्त, अष्ट, नव, दश आणि लॅटिनचे सेप्तेम, ओक्तो, नोवेम, देकेम एकाच प्राचीन कुळातले आहेत; संस्कृतपासून प्राकृतामार्गे मराठी आली, लॅटिनपासून स्पॅनिश. म्हणजे मोजणीच्या बाबतीत मराठी माणसाचे रक्ताचे नाते दूरच्या माद्रिदशी आहे आणि शेजारधर्माचे नाते धारवाडशी. एक नाते पुस्तकातून कळते, दुसरे रोज बाजारात भेटते.

दहाच्या पुढे ओन्से, दोसे, त्रेसे, कातोर्से, किन्से ही अकरा ते पंधरापर्यंतची नावे पाठ करावी लागतात. सोळापासून वाट सोपी होते. सोळा म्हणजे 'दहा आणि सहा', दिएसिसेइस. एकोणीस म्हणजे 'दहा आणि नऊ', दिएसिनुएबे. मराठीत एकोणीस म्हणजे एक उणे वीस; तशी वजाबाकी स्पॅनिशमध्ये नाही. कानडीचा ओंबत्तु मात्र मुळात 'दहाला एक उणा' असाच असावा, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. वीस म्हणजे बेइन्ते, एकवीस म्हणजे बेइंतिउनो. तीस म्हणजे त्रेइंता आणि एकतीस म्हणजे 'त्रेइंता इ उनो'. त्यातील 'इ' म्हणजे 'आणि'. पुढे क्वारेंता, सिंक्वेंता, सेसेंता, सेतेंता, ओचेंता, नोबेंता एवढी दशके आली की नव्व्याण्णवापर्यंत मजल जाते. ज्याच्या कानाला इप्पत्तोंदुची सवय आहे, त्याला हा क्रम लगेच उमगतो. शंभर म्हणजे सिएन आणि हजार म्हणजे मिल. लाखाला मात्र स्वतंत्र नाव नाही. त्याला 'शंभर हजार', म्हणजे सिएन मिल म्हणावे लागते. उच्चाराचीही एक खूण लक्षात ठेवावी. स्पेनच्या बहुतेक भागांत सिंकोचा उच्चार 'थिंको'सारखा आणि दिएसचा 'दिएथ'सारखा होतो. अमेरिका खंडातील स्पॅनिश लोक तेथे 'स' म्हणतात.

परंतु या विद्यार्थ्यासाठी खरे नवल शून्यापाशी आहे. स्पॅनिशमध्ये शून्याला 'सेरो' म्हणतात. हा शब्द अरबी 'सिफ्र' पासून आला आणि सिफ्र म्हणजे रिकामे. संस्कृत शून्य या कल्पनेचेच ते अरबी रूप. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांतील दानांच्या संख्या अंकांत कोरलेल्या आहेत. भारतीय अंकांच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत त्या लेखाची गणना होते. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने शून्यासह गणित करण्याचे नियम लिहिले. नवव्या शतकात बगदादच्या अल् ख्वारिज्मीने या भारतीय पद्धतीवर ग्रंथ रचला. आणि ९७६ साली उत्तर स्पेनमधील अल्बेल्दा येथील मठात लिहिलेल्या एका हस्तलिखितात एक ते नऊपर्यंतचे भारतीय अंक उतरविले गेले. युरोपात सापडलेले या अंकांचे हे सर्वांत जुने ज्ञात लेखन. शून्य त्यात नाही; ते मागाहून पोचले. घाटावरून निघालेल्या अंकांनी युरोपात पाऊल टाकल्याची पहिली खूण अशी स्पेनमध्ये सापडते.

चिन्हे अशी देशोदेशी हिंडली आणि नावे घरी राहिली. सर्व जग आज २१ एकाच अर्थाने वाचते, मग तोंडाने एकवीस म्हणो, इप्पत्तोंदु म्हणो की बेइंतिउनो म्हणो. भारताच्या संविधानानेही संघराज्याच्या कामकाजासाठी भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप मान्य केले, तेव्हा परदेशी गेलेला मुलगा वेष बदलून घरी परतावा तसे झाले.

सीमाभागात या साऱ्याला एक वेगळे गांभीर्य आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासूनचा तंटा पुष्कळसा आकड्यांचाच आहे : कोणत्या गावात मराठी किती, कानडी किती, शेकडा प्रमाण काय. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, १९६७ साली त्याचा अहवाल आला, तो महाराष्ट्राने अमान्य केला आणि २००४ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. माणसे भाषेवरून मोजली गेली. पण ज्या माणसाने घरी 'एक' आणि बाजारात 'ओंदु' म्हटले, त्याला जनगणनेच्या तक्त्यात मातृभाषेच्या एकाच रकान्यात बसावे लागले. त्याची दुसरी मोजणी त्या रकान्यात कोठे दिसत नाही.

मोजता येणे ही गरिबाची ढाल आहे. निपाणीच्या परिसरात तंबाखू आणि विडी यांवर हजारो घरे चालली, आणि विडीची मजुरी हजारी ठरते. ज्या बाईला हजारापर्यंत स्वतः मोजता येत नाही, तिच्या दिवसाच्या कष्टांचे मोल दुसऱ्याच्या तोंडून ठरते. तिला स्वतःच्या भाषेतील आकडे पक्के हवेत, आणि समोर हिशेब करणाऱ्याच्या भाषेतील आकडेही समजले पाहिजेत. दोन्ही आले म्हणजे तिला फसविणे अवघड जाते. स्वभाषेचा अभिमान आणि शेजाऱ्याच्या भाषेचे ज्ञान यांत विरोध मानणाऱ्यांनी हा साधा हिशेब एकदा करून पाहावा.

परकी भाषा शिकू इच्छिणाऱ्याने म्हणून दहा आकड्यांपासून आरंभ करावा. उनो, दोस, त्रेस म्हणण्यात कोणाची मराठी कमी होत नाही. कॅम्पमधल्या पिढ्यांनी 'ओंदु, एरडु' म्हणताना ती कमी झाली नाही. ज्याला शेजाऱ्याच्या भाषेत दहापर्यंत मोजता येते, त्याला शेजारी निदान दहा पावले तरी जवळ आलेला असतो. पुढची पावले ज्याची त्याने मोजावीत.