‘चालता येत नाही’ला क्रमांक कोणता?

‘डॉक्टर, चालता येत नाही,’ असे रुग्ण सांगतो. हे गाऱ्हाणे झाले, रोगाचे नाव नव्हे. त्यामागे झिजलेला गुडघा असेल, पक्षाघात असेल किंवा लहानपणी होऊन गेलेला पोलिओ असेल. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत या गाऱ्हाण्याला स्वतंत्र क्रमांक आहे : आर २६.२, म्हणजे ‘चालण्यातील अडचण, अन्यत्र वर्गीकृत न केलेली’. तो मिळायला बराच काळ जावा लागला. कारण या याद्या मुळात मृतांच्या होत्या, आणि ‘चालता न येणे’ याने कोणी मरत नाही.

सतराव्या शतकात लंडनमध्ये दर आठवड्याला मृत्यूंची यादी छापली जाई. मृत्यूचे कारण ठरवायला घरोघरी जात त्या नेमलेल्या वृद्ध स्त्रिया. वैद्यकाचे शिक्षण त्यांना नसे. जॉन ग्रॉन्ट या व्यापाऱ्याने अनेक वर्षांच्या याद्या तपासून १६६२ मध्ये पुस्तक लिहिले. मुडदूस हे नाव याद्यांत प्रथम १६३४ मध्ये येते आणि त्या सबंध वर्षात १४ मृत्यू दाखवलेले आहेत, हे त्याच्या ध्यानात आले. मुडदुसात हाडे मऊ राहतात, पाय वाकतात, मूल उशिरा चालू लागते. ग्रॉन्टला प्रश्न पडला, हा रोग खरोखरच नवा, की पूर्वी तो ‘यकृत वाढणे’ अशा दुसऱ्याच नावाखाली मोजला जात होता? रोगांना ठरलेली नावे का हवीत, हे या एका प्रश्नातून कळते.

इंग्लंडच्या जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयातील विल्यम फार यांनी एकोणिसाव्या शतकात हा आग्रह सतत धरला. पुढे पॅरिस शहराच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख जाक बर्तियाँ यांची यादी १८९३ मध्ये शिकागो येथे स्वीकारली गेली. (गुन्हेगारांची शरीरमापे घेण्याची पद्धत काढणारे आल्फोन्स बर्तियाँ हे त्यांचे भाऊ. वर्गवारी घराण्यातच होती म्हणायची!) १९०० मध्ये पॅरिसला २६ देशांचे प्रतिनिधी जमले आणि यादी दर दहा वर्षांनी सुधारावी असे ठरले.

सुधारावी म्हणजे काय, याचे उत्तम उदाहरण चालण्याच्याच एका विकाराचे आहे. पॅरिसचे डॉक्टर ड्यूशेन यांनी १८५८-५९ मध्ये काही विलक्षण रुग्णांचे वर्णन केले. त्यांच्या पायांत ताकद होती, पण पाऊल भलतीकडे पडे. अंधारात तर ते कोसळतच. पाय कोठे आहे ही खबर मज्जारज्जूच्या मागच्या भागातील तंतू मेंदूकडे नेतात. ते नष्ट झाले की डोळ्यांवर भिस्त उरते. वर्गात मुलांना एका पायावर, आधी डोळे उघडे ठेवून आणि मग मिटून, उभे राहायला सांगावे. डोळ्यांचा वाटा किती असतो ते लगेच समजते. (पडणाऱ्याला सावरायला शेजारी कोणी हवे.)

ड्यूशेन यांनी या विकाराला नाव दिले ते चालीवरूनच, ‘वाढत जाणारा चलन-असमन्वय’. आरंभीच्या याद्यांत तो मज्जासंस्थेच्या रोगांत होता. १९१३ मध्ये हिदेयो नोगुची यांना अशा रुग्णाच्या मज्जारज्जूत उपदंशाचे जंतू सापडले. पुढे हा विकार संसर्गजन्य रोगांच्या प्रकरणात गेला. दहाव्या आवृत्तीत त्याचा क्रमांक ए ५२.१ आहे. आर २६ खाली तर स्पष्ट सूचनाच आहे की, हा विकार येथे नोंदवू नये.

१९४८ च्या सहाव्या आवृत्तीत मृत्यूंबरोबर आजारांचीही वर्गवारी आली आणि जिवंत माणसाच्या गाऱ्हाण्यांना वाव मिळाला. तरी ती ठेवायची कोठे, हा घोळ राहिलाच. १९७५ च्या नवव्या आवृत्तीत ‘चालण्यातील अडचण’ सांध्यांच्या विकारांत होती (७१९.७) आणि ‘चालीतील दोष’ लक्षणांच्या प्रकरणात (७८१.२). १९९० मध्ये मंजूर झालेल्या दहाव्या आवृत्तीत दोन्ही आर २६ खाली एकत्र आले. कारण सापडले नसेल तेव्हा मुख्यतः ‘आर’ वापरायचा असतो. मला हे प्रकरण प्रामाणिक वाटते. ‘अजून कळलेले नाही’ असे लिहिण्याची सोय त्यात आहे. मात्र कारण सापडल्यावरही कागदावर ‘आर’च राहिला, तर खरा रोग मोजणीतून निसटतो.

पण कारण कळूनही सगळे कळत नाही. पोलिओच्या उत्तरपरिणामांचा क्रमांक बी ९१. भारतात पोलिओचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला, तरी पूर्वीच्या रुग्णांसाठी हा क्रमांक लागतोच. बी ९१ असलेला एक जण कॅलिपर लावून बाजारात जाऊन येतो, दुसऱ्याला चाकांची खुर्ची लागते. क्रमांक दोघांचा एकच. म्हणून १९८० मधील एका प्रयत्नानंतर संघटनेने २००१ मध्ये कार्यक्षमता, विकलांगता व आरोग्य यांचे वेगळे वर्गीकरण स्वीकारले. त्यात चालण्याचा क्रमांक डी ४५०. किलोमीटरच्या आत चालणे, त्याहून लांब चालणे, निरनिराळ्या पृष्ठभागांवर चालणे, अडथळे चुकवत चालणे, यांची तेथे वेगवेगळी नोंद होते. रोगांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली असली, तरी हे दुसरे पुस्तक तिच्या जोडीने लागतेच.

या दुसऱ्या पुस्तकात इमारतींनाही क्रमांक आहेत. सार्वजनिक वापराच्या इमारतींची रचना म्हणजे ई १५०. त्यात शाळाही आली. दारातल्या पायऱ्या एखाद्या मुलाला तीव्र अडथळा ठरत असतील तर नोंद होते ई १५०.३. तेथे चांगला रॅम्प बांधला आणि त्याची भरीव मदत झाली, तर टिंबाच्या जागी अधिक चिन्ह येते : ई १५०+३.