आत्याबाईंना आलेलं बोलावणं

आमची आजी ‘मिशनवाली डाक्टरीण’ हे नाव ज्या आदराने घ्यायची, त्या आदराने ती फक्त अहिल्यामातेचं नाव घ्यायची. गोष्ट तिला सासूने, म्हणजे माझ्या पणजीने सांगितलेली. त्यामुळे त्या रात्री कंदील पणजोबांच्या हातात होता की गड्याच्या, हे दर खेपेला बदलायचं.

पणजीचं पहिलं बाळंतपण अडलं. सुईणीने हात टेकले, तसे पणजोबा रातोरात छावणीच्या बाजूला धावले. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ मध्ये इंदुरात बस्तान बसवलं होतं. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांना शहरातलं त्यांचं जाहीर प्रवचन रुचत नव्हतं, त्यावरून कुरबुरी चालत. तरी अडलेल्या बाईसाठी मिशनचं दार ठोठावायला आमच्यासारख्या सोवळ्या घरातला माणूसही गेला.

१८८४ च्या अखेरीला तिथे डॉ. एलिझाबेथ बीटी आल्या. कॅनडातल्या किंग्स्टनला त्याच वर्षी डॉक्टर झालेल्या. पाठोपाठ १८८६ मध्ये डॉ. मॅरियन ऑलिव्हर आल्या. बोटीने मुंबई, तिथून रेल्वेने खंडवा, मग घाट चढून माळवा! देवाने बोलावलं म्हणून आईबाप सोडून इतक्या लांब यायचं, पुन्हा भेट होईल याची खात्री नाही. मला ते धाडस फार मोठं वाटतं. आमच्याकडे आली ती बीटी की ऑलिव्हर? आजीच्या लेखी दोघी मिळून एकच बाई होती.

बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. डाक्टरीण गेल्यावर ओसरी गोमूत्राने शिंपडली, हेही आजी लपवायची नाही. पुढच्या खेपेला पणजीने तिला डिंकाचा लाडू दिला, पण भांडं बाटू नये म्हणून पळसाच्या पानावर. बाईने तो आवडीने खाल्ला आणि यात काय काय घालता, असं मोडक्या हिंदीत विचारलं. खारीक, खोबरं, खसखस, असं पणजी एकेक सांगत गेली. येशूची गोष्टही बाईने सांगितली म्हणे. पणजीने ती शेवटपर्यंत ऐकली आणि संध्याकाळी नेहमीसारखी देवापुढे वात लावली.

हे सगळं दाराआडून बघत असत पणजीची धाकटी नणंद. आजी त्यांना आत्याबाई म्हणायची. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी कपाळ पांढरं. १८९१ मध्ये मिशनचं बायकांचं इस्पितळ सुरू झालं, तेव्हा आत्याबाईंनी घरात विचारलं, मी तिथे काम शिकायला जाऊ का? ‘तिलाही बोलावणं आलं होतं गं,’ आजी म्हणायची, ‘कुणाचं ते देव जाणे.’

घरातून नाही म्हटलं गेलं. बाटवतील, लोक काय म्हणतील, स्वयंपाक कोण करील. ऑलिव्हर इंदुरात आल्या त्याच १८८६ साली आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन परतल्या होत्या. हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परतेन, असं सांगून गेल्या आणि तशाच आल्या. आमच्या वाड्यातल्या कुणी ते ऐकलं नसेल का? मला आजही त्या थोरल्या माणसांचा राग येतो. ती माणसं प्रेमळ होती, हे ठाऊक असूनही येतो.

त्याच मिशनच्या जॉन विल्कींनी १८८७ मध्ये काढलेल्या ख्रिश्चन कॉलेजात मात्र आमच्या घरातले मुलगे शिकले. किशोरकुमारही पुढे तिथलाच, हे काका पाहुण्यांना न चुकता सांगत. मुलग्यांना बाटण्याची भीती कशी नव्हती, हे आजीने कधी विचारलं नाही.

आत्याबाई मात्र वाड्याबाहेर पडल्याच. आळीत कुणाचं पोट दुखायला लागलं की त्यांना निरोप यायचा. गेल्या की आधी चुलीवर आधण ठेवायला लावायच्या. सुईणीचे हात साबणाने धुतल्याशिवाय तिला बाळंतिणीला शिवू द्यायच्या नाहीत. नाळ कापायची कात्री उकळत्या पाण्यात टाकायच्या आणि स्वतः तिथे उभ्या राहायच्या. कुणी विचारलं, हे कुठं शिकलात, तर म्हणायच्या, ‘दाराआडून.’