मुलामा आणि हिरा

मुलामा हा शब्द आपल्याकडे बदनाम आहे. आत पितळ, वर सोने, म्हणजे फसवणूकच! पाविया येथील लुईजी ब्रुन्यातेल्ली याने १८०५ मध्ये आपला मित्र व्होल्टा याच्या विद्युत्घटाने चांदीच्या पदकांवर सोने चढवले. त्यानंतर शंभरेक वर्षे विजेचा मुलामा बहुतेक शोभेसाठी, नाहीतर गंज टाळण्यासाठी वापरला गेला. माझे आयुष्य बेळगावच्या उद्यमबागेत लेथ आणि ग्राइंडिंगच्या आवाजात गेले. त्यामुळे मुलाम्याने हत्याराला दात दिले, तो इतिहास मला अधिक मोलाचा वाटतो.

हत्यार जितके लहान, तितकी अडचण मोठी. सुतार पटाशीला पुन्हा धार लावतो. पण दंतवैद्याच्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या बरला धार कोण लावणार? दाताचे वरचे कवच शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. साधे पोलाद त्यापुढे लवकर बोथट होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये मऊ धातूत हिऱ्याची पूड ठोकून बसवण्याचा प्रयत्न झाला. ठोकून बसवलेला कण तग धरणार किती?

उत्तर मुलाम्याने दिले. कॉलिन फिंक आणि जे. डी. प्रिन्स यांनी १९२८ मध्ये तांब्याच्या द्रावणात ग्राफाइटची पूड मिसळून दोन्ही एकत्र चढतात हे दाखवले. पुढे १९३२ मध्ये जर्मनीत ड्रेंडेल याने पोलादी दांडीवर हिऱ्याचे कण याच मार्गाने पक्के केले.

कृती ऐकायला सोपी आहे. निकेलच्या क्षारांच्या द्रावणात दांडी ऋण टोकाला जोडायची, तिच्याभोवती हिऱ्याची पूड ठेवायची. निकेलचा पातळ थर कणांना चिकटवून धरतो. सुटे कण झाडून टाकायचे आणि कण निम्म्याहून थोडा अधिक बुडेपर्यंत निकेल वाढवायचे. खरे कसब इथे आहे. निकेल कमी पडले तर कण उपटून जातात. जास्त झाले तर टोके बुडतात आणि हत्यार कापण्याऐवजी नुसते घासते, तापते. हिऱ्याचे कौतुक सगळे करतात, पण हत्याराचे आयुष्य ठरते ते पकडीवर, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलामा देणाऱ्याचे नाव मात्र कोणी घेत नाही. असो.

१९५७ मध्ये जॉन बॉर्डन याचे हवेवर चालणारे दंतयंत्र आले. मिनिटाला अडीच-तीन लाख फेरे! त्या वेगात हिऱ्याच्या बरचे खरे चीज झाले. तुमच्या दंतवैद्याच्या बरवर रंगीत कडे दिसते ना? लाल म्हणजे बारीक कण, हिरवे म्हणजे जाडे.

आमच्या पोलादाच्या धंद्यात मात्र हिरा अडतो. तो कार्बनच, तापलेल्या लोखंडात तो विरघळू लागतो, म्हणून लवकर झिजतो. त्यावर उपाय त्याच १९५७ साली निघाला. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या रॉबर्ट वेंटॉर्फ याने घन बोरॉन नायट्राइड तयार केले. हिऱ्याखालोखाल कठीण, आणि लोखंडाशी वैर न धरणारे. पकड तीच, निकेलची.

मोठे महाग चाक झिजले तर जुने निकेल उतरवून त्याच गाभ्यावर नवे कण चढवता येतात. इवल्या बरला हे परवडत नाही. तो झिजला की टाकतात.