खेळांच्या कार्डावरची गणिते
त्रिमितीय खेळात पडद्यावरच्या लाखो ठिपक्यांचा रंग सेकंदाला अनेकदा नव्याने काढावा लागतो. हे हिशेब सोपे, पण एकाच वेळी असंख्य. १९९० च्या दशकात त्यांच्यासाठी वेगळी ग्राफिक्स कार्डे बाजारात आली; १९९९ मध्ये एनव्हिडिया कंपनीने आपल्या ‘जीफोर्स २५६’ला ‘जीपीयू’ (ग्राफिक्स प्रोसेसिंग युनिट) असे नाव देऊन विकायला काढले.

२००१ पासून या चिपना थोडेफार प्रोग्रॅम देता येऊ लागले आणि संशोधकांनी खेळांबाहेरच्या गणितांसाठी ती संधी हेरली. आकड्यांना रंगांचे रूप द्यायचे, कार्डाकडून ‘चित्र’ काढून घ्यायचे आणि त्यातून उत्तर वाचायचे. खटपट किचकट होती, तिच्यातली कल्पकता मात्र दाद देण्याजोगी. स्टॅनफर्डमध्ये इयन बक यांनी ‘ब्रूक’ ही भाषा रचून हा वळसा बराच कमी केला. पुढे ते एनव्हिडियात गेले आणि २००७ मध्ये ‘कूडा’ हे जीपीयूकडून थेट गणिते करून घेण्याचे साधन सर्वांना खुले झाले.

याचे मोठे फळ २०१२ मध्ये दिसले. टोरांटो विद्यापीठातील अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्स्केवर आणि जेफ्री हिंटन यांनी सुमारे १२ लाख छायाचित्रे दाखवून एक न्यूरल नेटवर्क घडवले. महासंगणक लागला नाही. खेळांसाठीची दोन ‘जीटीएक्स ५८०’ कार्डे आणि पाच-सहा दिवस पुरले. एका कार्डाची मेमरी अवघी ३ जीबी, म्हणून नेटवर्क दोन्हींत विभागावे लागले. छायाचित्रांतल्या वस्तू ओळखण्याच्या इमेजनेट स्पर्धेत त्यांच्या चुकांचे प्रमाण १५.३ टक्के, तर दुसऱ्या क्रमांकाच्या चमूचे २६.२ टक्के होते. इतकी तफावत पाहून संशोधनाचा ओघ जीपीयूकडे वळला. एनव्हिडियाच्या २०१७ च्या ‘व्होल्टा’ चिपमध्ये तर न्यूरल नेटवर्कना लागणाऱ्या मॅट्रिक्सच्या गुणाकारांसाठी स्वतंत्र ‘टेन्सर कोर’ बसवले गेले.